घर दोघांच्या नावावर : सहमालकीच्या अभ्यासात प्रवेश करताना

सदनिकेच्या करारनाम्यात ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ असे दोन पक्ष असतात. लिहून घेणाऱ्यांच्या जागी आज बहुधा दोन नावे दिसतात : पती-पत्नी, आई आणि मुलगा, दोन भाऊ, क्वचित दोन मैत्रिणी. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दोघांचे फोटो निघतात, अंगठे घेतले जातात, पावती हाती पडते आणि मंडळी पेढे घेऊन घरी जातात. त्या दिवशी कायद्याच्या दृष्टीने नेमके काय घडले, हे मात्र त्यांच्यापैकी थोड्यांनाच सांगता येते. आपल्यापैकी एकजण गेला तर घर आपोआप दुसऱ्याचे होणार, अशी समजूत घेऊनच बहुतेक जण कार्यालयाच्या पायऱ्या उतरतात. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य घरांच्या बाबतीत ही समजूत चुकीची आहे, आणि या अभ्यासाकडे वळण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

मी हे एवढ्या आग्रहाने लिहितो, कारण मध्यमवर्गीय कुटुंबाच्या हातात घराइतकी मोठी दुसरी मत्ता सहसा नसते. वीस वर्षांचे हप्ते, मोडलेले दागिने, गावाकडच्या जमिनीचे आलेले पैसे असे सगळे त्या चार भिंतींत गेलेले असते. त्या मत्तेचा कायदा मात्र तुकड्यातुकड्यांनी शिकवला जातो. मालमत्ता हस्तांतरण एका तासाला, उत्तराधिकार दुसऱ्या, सहकार कायदा तिसऱ्या आणि प्राप्तिकर चार्टर्ड अकाउंटंटच्या टेबलावर. घरात कोणी दगावले, घटस्फोट झाला किंवा इमारत पुनर्विकासाला गेली की हे चारही कायदे एकाच आठवड्यात दारात उभे राहतात. त्या सगळ्यांकडे एकत्र पाहू इच्छिणाऱ्या वाचकाचे, मग तो विधी शाखेचा विद्यार्थी असो, सोसायटीचा सचिव असो वा पहिले घर घेणारे जोडपे असो, या विषयात मनापासून स्वागत आहे. इथे शिरायला वकिलाची सनद लागत नाही. आपल्या घरची कागदपत्रे शेवटपर्यंत वाचण्याची तयारी मात्र लागते.

सुरुवात इंग्लंडपासून करावी लागते, कारण ‘जॉइंट टेनन्सी’ ही कल्पना तिथली. दोन किंवा अधिक माणसे एखादी मालमत्ता धारण करतात, पण त्यांचे वेगवेगळे हिस्से नसतात. प्रत्येकजण संपूर्ण मालमत्तेचा मालक, आणि सगळे मिळूनही एकच मालक. त्यासाठी जुन्या न्यायाधीशांनी चार गोष्टींची एकता मागितली : ताबा एक, हितसंबंध एक, हक्काचा दस्त एक आणि हक्क सुरू होण्याची वेळ एक. यातून उत्तरजीवित्वाचा नियम येतो. एक मालक मेला की त्याचा हक्क त्याच्यासोबत संपतो आणि उरलेल्याकडे सगळे राहते. वारसाकडे जाण्यासारखे मृताजवळ काही उरतच नाही, म्हणून त्याच्या मृत्युपत्राचाही त्या घरावर परिणाम होत नाही. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमिनीमागे सरंजामदाराची सेवा आणि देणी असत. जमीन हिश्शाहिश्शांत फुटली की ती वसूल करणे अवघड होई, त्यामुळे न्यायालयांचा कल जॉइंट टेनन्सीकडे राहिला. दुसरा प्रकार ‘टेनन्सी इन कॉमन’चा. त्यात ताबा सामाईक असतो, पण प्रत्येकाचा हिस्सा वेगळा असतो. तो विकता येतो, मृत्युपत्राने देता येतो आणि मृत्युपत्र नसेल तर वारसांकडे जातो. पुढच्या विवेचनात पहिल्या प्रकाराला संयुक्त मालकी आणि दुसऱ्याला हिस्सेदारीची सहमालकी म्हणतो.

इंग्लंडच्या १९२५ च्या मालमत्ता कायद्याने यात एक शहाणी सोय केली. नोंदीवरची कायदेशीर मालकी नेहमी संयुक्तच राहील आणि तिच्यात चारांहून अधिक नावे येणार नाहीत. तिच्यामागची लाभाची मालकी संयुक्त हवी की हिश्शांची, हे ज्याचे त्याने ठरवावे. पुढे मन बदलले तर एका सहमालकाने दुसऱ्याला लेखी नोटीस दिली तरी लाभाची संयुक्त मालकी तुटते आणि हिस्से पडतात. तिथल्या विचारी वकिलाकडे जोडपे आले की तो आधी विचारतो : हे तुमचे दोघांचे पहिले लग्न आहे का, आधीची मुले आहेत का, पैसे कोणी किती घातले? पहिल्या लग्नाच्या, सारखे पैसे घातलेल्या जोडप्याला संयुक्त मालकी फार सोयीची. मागे राहिलेल्याला मृत्यूचा दाखला नोंदणी कार्यालयात दिला की पुरते, घरासाठी वारसा हक्काची लांब प्रक्रिया करावी लागत नाही. दुसऱ्या लग्नात तीच सोय घात करू शकते. नवरा आधी गेला तर घर दुसऱ्या पत्नीचे, तिच्यानंतर तिच्या वारसांचे. पहिल्या लग्नाच्या मुलांसाठी वडिलांनी मृत्युपत्रात कितीही लिहून ठेवले असले तरी घरापुरते ते निरर्थक ठरते. आणखी एक बाजू फारशी कोणी लक्षात घेत नाही. संयुक्त मालकीत कोण आधी जाणार यावर सगळे ठरते, आणि ते कोणालाच ठाऊक नसते. दोघे एकाच अपघातात गेले आणि कोण आधी गेले ते कळले नाही, तर इंग्लंडचा कायदा तरुण व्यक्ती नंतर गेली असे मानतो. आपल्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २१ मध्येही हेच गृहीत आहे.

आता इकडे येऊ. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा इंग्रजी घडणीचा आहे, पण सहखरेदीच्या बाबतीत त्याने इंग्लंडच्या जुन्या कलाच्या उलट दिशा धरली. कलम ४५ सांगते की दोघांनी मोबदला देऊन स्थावर घेतली आणि पैसे सामाईक निधीतून दिले, तर त्या निधीत ज्याचा जेवढा वाटा तेवढाच घरात. पैसे वेगवेगळे दिले असतील तर ज्याने जेवढे दिले त्या प्रमाणात हिस्सा. कोणी किती दिले याचा पुरावाच नसेल तर हिस्से समान धरायचे. आणि हे सगळे केव्हा, तर विरुद्ध करार नसेल तेव्हा. हिंदू कुटुंबापुरती गोष्ट १८९६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने आणखी स्पष्ट केली. जोगेश्वर नारायण देव यांच्या प्रकरणात तिने म्हटले की अविभक्त कुटुंबातले सहदायाद (वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क असणारे) सोडले तर संयुक्त मालकीचे तत्त्व हिंदू कायद्याला परके आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचे कलम १९ त्याच वाटेने जाते : दोन वारसांना एकत्र मिळालेली मालमत्ता हिस्सेदारीची असते, संयुक्त नव्हे.

उत्तरजीवित्व आपल्याला परके नव्हते, हेही सांगायला हवे. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेवर उभ्या राहिलेल्या पद्धतीत सहदायाद मेला की त्याचा हक्क उरलेल्या पुरुषांत विरून जाई आणि विधवेच्या वाट्याला पोटगी येई. जीमूतवाहनाच्या दायभागाने बंगालात वेगळा मार्ग धरला. महाराष्ट्राने १९९४ च्या दुरुस्तीने मुलींना सहदायाद केले, २००५ मध्ये केंद्राने तेच देशभर नेले आणि वडिलोपार्जित मालमत्तेतले उत्तरजीवित्वही काढून टाकले. त्याच २००५ च्या दुरुस्तीने कलम २३ रद्द झाले. त्या कलमामुळे पुरुष वारसांनी वाटणी मागेपर्यंत मुलीला राहत्या घराची वाटणी मागता येत नसे. घराच्या कायद्याच्या इतिहासात ही लहान दिसणारी पण मोठी घटना आहे, आणि तिच्यावर मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे. एका अर्थाने आपल्या कायद्याने उत्तरजीवित्व सोडले ते बायकांच्या न्यायासाठी. आज पती-पत्नी तेच उत्तरजीवित्व एकमेकांच्या सुरक्षिततेसाठी मागत आहेत. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या एकत्र मनात धरता येणे ही या विषयातली पहिली परीक्षा आहे.

मग ‘आपोआप दुसऱ्याचे’ ही समजूत आली कुठून? माझ्या मते बँकेतून. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ खात्यात एक गेला तर दुसऱ्याला पैसे काढता येतात, हे घरोघरी ठाऊक आहे. पण तिथेही बँक पैसे कोणाला देऊन मोकळी होते एवढेच त्या शब्दांनी ठरते. ते पैसे वारसांपैकी कोणाचे, हा प्रश्न मागे उरू शकतो. नॉमिनीचेही तसेच. १९८४ मध्ये सरबतीदेवींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या तेव्हाच्या कायद्याबाबत सांगितले की नॉमिनी हा रक्कम स्वीकारणारा हात आहे, मालक वारसच. २०२३ मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात कंपनीच्या शेअर्सबद्दलही न्यायालय त्याच निष्कर्षाला आले. सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी महाराष्ट्राने २०१९ च्या दुरुस्तीत हे स्पष्ट लिहिले : नामनिर्देशित व्यक्तीला वारस ठरेपर्यंत तात्पुरते सभासद करून घ्यायचे.

उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एका सदनिकेवर पती-पत्नीची नावे आहेत, हिस्से अर्धे-अर्धे. पती मृत्युपत्र न करता गेला. मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी आणि पतीची आई आहे. पतीचा अर्धा हिस्सा पहिल्या वर्गाच्या या चार वारसांत समान वाटला जाईल, म्हणजे प्रत्येकी घराचा आठवा भाग. वडील हयात असते तरी ते या वर्गात नसते; आई असते. पत्नीचा आधीचा अर्धा आणि हा आठवा मिळून पाच अष्टमांश झाले. घर तिचे आहे असे ती समजत असते, पण त्यातले तीन अष्टमांश तिचे नाहीत. काही वर्षांनी सासूबाई जातात, त्याही मृत्युपत्र न करता. त्यांना आणखी एक मुलगा आणि एक मुलगी आहे. त्यांच्या आठव्या भागाचे तीन वाटे होतात : एक हयात मुलाचा, एक मुलीचा, एक गेलेल्या मुलाच्या दोन मुलांचा. दीर आणि नणंद आता घराच्या चोविसाव्या-चोविसाव्या भागाचे मालक आहेत. त्यांनी काही मागितले नसेल, त्यांच्या मनातही नसेल. पण घर विकायचे झाले तर त्यांचे हक्कसोडपत्र लागेल, आणि त्यातला एकजण परदेशात असेल तर वकिलातीचा शिक्का मारलेले कुलमुखत्यारपत्र लागेल. कोणाचा दुष्टपणा नाही, भांडण नाही, तरीही विधवा बाईचे घर अडकून बसते. दोघांनी एकेक पान मृत्युपत्र करून ठेवले असते तर यातले काही घडले नसते.

हे गणित हिंदू उत्तराधिकार कायद्याचे, जो बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. मुस्लिम कुटुंबात हिस्से वेगळे पडतात; हनफी नियमांत मुले असलेल्या विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेचा आठवा भाग मिळतो. ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा पाहावा लागतो. मजला एकच, दारे चार, आणि चारही दारांमागे ‘दोघांच्या नावावर’ असलेल्या घराचे भवितव्य वेगळे. मुंबईच्या अनेक जुन्या सोसायट्यांत हे चित्र दिसते.

सोसायटीचा मुद्दा थोडा सविस्तर पाहायला हवा, कारण मुंबईत १९१५ साली गावदेवीला सारस्वतांनी सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली तेव्हापासून शहरी महाराष्ट्राच्या घराची ओळख सोसायटीच्या वहीतून होत आली आहे. शेअर सर्टिफिकेटवर पहिले नाव कोणाचे यावर घरात रुसवे-फुगवे होतात. कायद्यात पहिल्या नावाला महत्त्व आहे ते मतदानात आणि पत्रव्यवहारात. संयुक्त सभासदाचे नाव दुसरे असले तरी त्याचा सदनिकेत हक्क असतो. सहयोगी सभासद मात्र वेगळा : त्याचे नाव मूळ सभासदाच्या संमतीने वहीत येते, तो सभेला बसू शकतो, पण त्यामुळे तो घराचा मालक होत नाही. अनेक कुटुंबांत वडिलांनी सोसायटीला अर्ज देऊन मुलाचे नाव ‘लावून घेतलेले’ असते आणि सगळ्यांची खात्री असते की अर्धे घर मुलाचे झाले. तसे होत नाही. घरातला हिस्सा द्यायचा तर नोंदणीकृत दस्त हवा. महाराष्ट्रात राहते घर पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे यांना बक्षीसपत्राने देताना मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे (नोंदणीचे व इतर आकार निराळे), म्हणून खर्चाच्या भीतीने हा दस्त टाळण्याचे कारण उरत नाही.

कारण दुसरीकडे आहे, आणि ते शुल्काहून गंभीर आहे. बक्षीसपत्र केले की हिस्सा गेला. वृद्ध आईवडिलांनी एकुलत्या मुलाला अर्धा हिस्सा द्यावा आणि मग सून-मुलाशी पटेनासे व्हावे, हे रोजचे आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम २३ अशा वेळी मदतीला येते : सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास परत मागता येते. पण ती अट दस्तात लिहिलेली असली तर लढाई सोपी, नसली तर अवघड. मृत्युपत्र मात्र मरेपर्यंत बदलता येते. ज्या आईवडिलांना फक्त आपल्यानंतरची चिंता आहे त्यांनी आज मालकी वाटू नये, मृत्युपत्र करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सहमालकीचे मी एरवी समर्थन करतो, पण या ठिकाणी नाही.

पती-पत्नीच्या बाबतीत माझे मत अगदी उलट आहे. घर दोघांच्या नावावर असावेच. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास लक्ष्मी मुक्तीची हाक दिली आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन करून दिली, तेव्हा महाराष्ट्राने या प्रश्नाला एक ठाम उत्तर दिले होते. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर पतीसोबत पत्नीचे नाव लावण्याची मोहीम त्याच परंपरेतली. प्रधानमंत्री आवास योजनेत घर स्त्रीच्या नावे किंवा दोघांच्या नावे देण्यावर भर आहे. नमुना आठ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा दस्त नव्हे, हे खरे. तरीही बाईचे नाव कागदावर आले की घर परस्पर गहाण टाकणे, परस्पर विकणे अवघड होते. करारनाम्यात नाव असेल तर तिचा हिस्सा हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ प्रमाणे तिचा संपूर्ण स्वतःचा. नुसत्या वास्तव्याचा अधिकार २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने नाव नसलेल्या पत्नीलाही मिळतो. पण राहण्याची परवानगी आणि मालकी यांतले अंतर तिला रोज जाणवते. आयुष्यभर घर सांभाळणाऱ्या बाईचा मोबदला कलम ४५ च्या हिशेबात कुठेच दिसत नाही, कारण ते कलम रुपये मोजते. म्हणून दस्तात ‘दोघांचे हिस्से समान’ हे शब्द लिहून घेणे तिच्यासाठी अत्यावश्यक आहे.

इथे महाराष्ट्राच्या धोरणात एक ओढाताण आहे. २०२१ पासून घर केवळ महिलेच्या किंवा महिलांच्या नावे घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते. सोबत पुरुषाचे नाव आले की ती जाते. सवलतीचा हेतू चांगला आहे. पण त्यामुळे काही जोडपी संयुक्त खरेदी सोडून एकाच नावाकडे वळतात, आणि पैसे दोघांचे असूनही एकाचा हिस्सा कागदावर शून्य होतो. अभ्यासकाने या प्रश्नाकडे लक्ष द्यावे, असे मला वाटते.

कर्ज आणि कराबद्दल थोडक्यात सांगतो. सहमालक सहकर्जदारही असतील तर जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजावर प्रत्येकाला स्वतंत्रपणे दोन लाख रुपयांपर्यंत वजावट मिळते आणि मुद्दलाच्या परतफेडीवर ८०सी खाली दीड लाखापर्यंत. नव्या पद्धतीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाही, आणि करदात्याने वेगळे न निवडल्यास आता तीच पद्धत लागू धरली जाते. म्हणजे करासाठी दुसरे नाव लावण्याचे आकर्षण पुष्कळ ओसरले आहे. दोन पगार एकत्र धरून मोठे कर्ज मिळते हा फायदा उरतोच. त्याची किंमत अशी की बँकेपुढे प्रत्येक कर्जदार संपूर्ण कर्जाला बांधलेला असतो. घटस्फोटात न्यायालयाने घर एकाला दिले म्हणून दुसऱ्याचे नाव कर्जातून निघत नाही. त्यासाठी बँकेची संमती लागते.

हिस्सेदारीच्या सहमालकीचा सर्वांत कडवट तोटा वाटणीत दिसतो. प्रत्येक सहमालकाला संपूर्ण घराच्या ताब्याचा हक्क असतो, आणि कोणालाही केव्हाही वाटणी मागता येते. शेताचे बांध घालता येतात. साडेचारशे चौरस फुटांच्या सदनिकेचे घालता येत नाहीत. अशा वेळी १८९३ चा वाटणी कायदा उपयोगी पडतो. निम्मा किंवा अधिक हिस्सा असलेल्यांनी मागणी केली तर न्यायालय विभागणीऐवजी विक्रीचा आदेश देऊ शकते, आणि इतर हिस्सेदारांना आधी खरेदीची संधी मिळते. एखाद्या भावाने आपला हिस्सा परक्याला विकला तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ४४ त्या परक्याला अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरात घुसू देत नाही, आणि वाटणी कायद्याचे कलम ४ कुटुंबाला त्याचा हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला विकत घेऊ देते. १८९३ च्या या कलमात वाड्याचे सगळे चित्र आहे : माजघर, सोपा, वेगळी चूल मांडलेला धाकटा भाऊ. आज तेच कलम टॉवरमधल्या सदनिकेला लावायचे तर ‘अविभक्त कुटुंबाचे राहते घर’ कशाला म्हणावे, हा प्रश्न नव्याने उभा राहतो. पुनर्विकासाच्या लाटेत असे दडलेले हिस्से वर येत आहेत, कारण नव्या सदनिकेच्या करारावर कोणाची नावे घालायची हे ठरवण्यासाठी जुन्या सदनिकेचे खरे मालक कोण ते आधी शोधावे लागते.

गोव्यात पाऊल टाकले की सगळी मांडणी बदलते. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता तिथे १८७० पासून आली आणि तिची वैवाहिक मालमत्तेची मूळ पद्धत आजही टिकून आहे. विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते आणि प्रत्येकाचा अविभाज्य अर्धा असतो. घर कोणाच्याही नावावर असो, विकताना दोघांची सही लागते. एक गेला तर दुसऱ्याचा अर्धा तसाच राहतो. मृताच्या अर्ध्यातही सगळे मृत्युपत्राने वाटता येत नाही. निम्मा भाग मुलांसाठी राखीव असतो, आणि मुलगा-मुलगी हा भेद नाही. वारसांमधली वाटणी ‘इन्व्हेंटरी’ नावाच्या न्यायालयीन प्रक्रियेने होते, जी आता २०१२ च्या गोवा उत्तराधिकार कायद्यात आहे. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की मूळ गोव्याच्या रहिवाशाची मालमत्ता गोव्याबाहेर, भारतात कुठेही असली तरी हेच नियम लागू. तो वाद मुंबईतल्या मालमत्तेचाच होता. गिरगावात किंवा दादरला घर असलेल्या गोमंतकीय कुटुंबांनी हा निकाल जरूर वाचावा.

परदेशी गेलेल्या मराठी माणसाची अडचण वेगळी आहे. न्यू जर्सीत पती-पत्नी म्हणून घर घेतले की तिथला कायदा त्याला ‘टेनन्सी बाय द एन्टायरिटी’ मानतो : एक गेला की घर संपूर्ण दुसऱ्याचे. त्याच जोडप्याने पुण्यात गुंतवणूक म्हणून घेतलेली सदनिका मात्र भारतीय नियमांनी जाते. तिथल्या वकिलाने केलेल्या नियोजनात पुण्याचे घर बसत नाही, आणि इथल्या नातेवाइकांना न्यू जर्सीचे घर समजत नाही. दोन्ही देशांतल्या स्थावरासाठी वेगवेगळी, एकमेकांना न छेदणारी मृत्युपत्रे करणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

या विषयाचे वाचन कुठून सुरू करावे, असे विद्यार्थी विचारतात तेव्हा मी निकालांची यादी देत नाही. आपल्या घराचा करारनामा काढा, सूची क्रमांक दोनची प्रत शेजारी ठेवा, शेअर सर्टिफिकेट उलटून पाहा, कर्जाचे मंजुरीपत्र शोधा. चारही कागदांवरची नावे तीच आहेत का? हिस्सा कुठे लिहिला आहे का? पैसे कोणाच्या खात्यातून गेले? मग कलम ४५ वाचा. ते आठ-दहा ओळींचे आहे, पण आपल्या कागदांसोबत वाचले की त्यातला प्रत्येक शब्द जिवंत होतो. त्यानंतर उत्तराधिकाराचा आपल्याला लागू असलेला कायदा, मग सहकार कायद्याचे २०१९ नंतरचे गृहनिर्माण संस्थांचे प्रकरण. या क्रमाने गेलात तर निकालपत्रे सहज समजतात.

एक दालन अजून जवळजवळ रिकामे आहे, आणि नव्या अभ्यासकांची मला तिथे सर्वांत जास्त गरज वाटते. आतापर्यंत ज्यांचा विचार केला ते सगळे एकमेकांचे वारस तरी आहेत. जी माणसे घर एकत्र घेतात पण कायद्याने एकमेकांची वारस नाहीत, किंवा अनेकांपैकी एक वारस आहेत, त्यांचे काय? दोन अविवाहित बहिणी आयुष्यभर एका घरात राहतात. त्यातली एक गेली आणि आईवडील नसले तर तिचा हिस्सा वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे साऱ्या भावंडांत वाटला जातो, सोबत राहिलेल्या बहिणीला त्यातला एक वाटा. निपुत्रिक विधवेने स्वतः कमावलेला हिस्सा नवऱ्याच्या वारसांकडे जातो. २००९ मध्ये ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या खटल्यात, नवरा गेल्यावर सासरच्यांनी लगेच हाकलून दिलेल्या बाईच्या कमाईबद्दलही सर्वोच्च न्यायालयाला हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ चा तोच अर्थ लावावा लागला. लग्नाविना सोबत राहणारी जोडपी आहेत. समलिंगी जोडपी आहेत, ज्यांच्या विवाहाला मान्यता देण्यास न्यायालयाने २०२३ मध्ये नकार दिला. या सर्वांच्या सोबतीबद्दल उत्तराधिकाराचा कायदा मुका आहे. त्यांच्यासाठी कलम ४५ मधले ‘विरुद्ध करार’ हे दोनच शब्द दार किलकिले ठेवतात : खरेदीच्या दस्तातच स्पष्ट लिहिता येते की आम्ही संयुक्त मालक आहोत आणि मागे राहणाऱ्याकडे संपूर्ण घर राहील. न्यायालये असे उत्तरजीवित्व गृहीत धरत नाहीत, पण निःसंदिग्ध शब्दांत लिहिलेले असेल तर विचारात घेतात. सोबत परस्परांच्या नावे मृत्युपत्रे असली तर आधार दुहेरी होतो. असे कलम मराठी दस्तात नेमके कोणत्या शब्दांत लिहावे, दुय्यम निबंधक कार्यालयात त्याला काय अडचणी येतात, सोसायट्या ते मानतात की वारसांचे कागद मागतात, आणि रक्ताच्या नातेवाइकांनी आव्हान दिले तर ते कितपत टिकते, याची पद्धतशीर पाहणी कोणीतरी हाती घ्यावी.